परतीची वाट बंद करणारी जनुके

शुभांशु शुक्ला जून 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्यासोबतच्या भारतीय प्रयोगांपैकी एक टार्डिग्रेडचा होता. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा, आठ पायांचा हा जीव वाळवला, गोठवला, किरणोत्सर्गात ठेवला तरी तग धरतो. 2016 मध्ये टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या एका प्रथिनाचे जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घातले. डीसप नावाचे हे प्रथिन डीएनएला बिलगून बसते. त्या पेशींवर क्ष-किरण सोडले, तर डीएनएची हानी सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाली. पेशींना जमते तर अख्ख्या माणसाला का नाही, हा प्रश्न आता शास्त्रज्ञही मोकळेपणाने विचारू लागले आहेत.

शुक्ला परतल्यापासून भारतातल्या माझ्या मित्रमंडळींत यावर वाद रंगतात. गगनयानाची किंवा 2035 पर्यंतच्या भारतीय अंतराळ स्थानकाची बातमी आली की ते पुन्हा पेटतात. एका गटाला वाटते, माणसाच्या जनुकांना हात लावणे म्हणजे निसर्गाच्या कामात ढवळाढवळ. दुसरा गट म्हणतो, अमेरिका आणि चीन हे करणारच आहेत, आपण सोवळे पाळत बसलो तर पुन्हा मागे राहू. दोन्हीकडची माणसे माझ्या जवळची आहेत आणि दोघांची कळकळ मला समजते. पण दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो तो अंतराळवीर. मला काळजी वाटते ती उद्या अंतराळातल्या वस्तीत जन्मणाऱ्या मुलाची.

अंतराळवीराचे कोडे त्यामानाने सोपे आहे. नासाची क्युरिऑसिटी ही बग्गी मंगळाकडे जात असताना तिच्यावरच्या उपकरणाने दिवसाला सुमारे 1.8 मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) किरणोत्सर्ग नोंदवला. पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या आपल्याला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतो. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यात, तिथला मुक्काम धरला नाही तरी, नासाने अख्ख्या कारकिर्दीसाठी ठरवलेली 600 मिलिसिव्हर्टची मर्यादा गाठली जाते. शिवाय वजनरहित अवस्थेत भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. अशा प्रवासाला निघालेल्या जाणत्या, प्रौढ माणसाने सगळे समजून घेऊन रक्तपेशींत किंवा हाडांत बदल करून घ्यायचे ठरवले, तर त्याला अडवणारे आपण कोण?

त्याचा रस्ताही आता दिसू लागला आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी कॅसजेवी या जनुकसंपादनावर आधारलेल्या उपचाराला जगात सर्वप्रथम मान्यता दिली. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढतात, बाहेर त्यांच्या जनुकात बदल करतात, मग तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करून त्या परत शरीरात सोडतात. रुग्ण आठवडेच्या आठवडे इस्पितळात असतो आणि प्रजननक्षमता जाण्याचा धोका असतो. असह्य वेदनांतून सुटण्यासाठी माणूस हे सोसतो. धडधाकट अंतराळवीराला त्यातून नेणे मला आज तरी पटत नाही, पण उद्या सौम्य पद्धत आली तर माझी हरकत नसेल. हा बदल त्या व्यक्तीसोबत सुरू होतो आणि तिच्यासोबतच संपतो.

मात्र मंगळावर कायमची वस्ती करू पाहणाऱ्यांचे एवढ्यावर भागत नाही. त्यांच्या मनात भ्रूणाच्या पातळीवरचा, पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा बदल आहे. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 38 टक्के, हवेचा दाब एक टक्क्याहून कमी. अशा जागी माणसाचे गर्भारपण नीट पार पडते का, हे अजून कोणी पाहिलेले नाही. समजा पडले, आणि तिथल्या गुरुत्वाकर्षणाला साजेशी हाडे आणि हृदय घेऊन एखादी मुलगी जन्मली. पृथ्वीवर पाऊल ठेवताच तिचे वजन अडीच पटींहून जास्त होईल. तिच्या आईवडिलांनी घर सोडले ते स्वतःच्या मर्जीने. तिची परतीची वाट मात्र तिच्या जन्माआधीच बंद झालेली असेल.

देश सोडून आलेल्या माणसाला हे चटकन जाणवते. मी इथे ब्रिटनमध्ये आले तो निर्णय माझा होता. माझी मुलगी इथे जन्मली, तिला कोणी विचारले नव्हते. तरीही उद्या भारतात जाऊन राहावेसे वाटले तर ती जाऊ शकते. तिच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात राहू देणारे कार्ड, आहे. ते नसते तरी सरकारी नियम बदलून घेता येतात, त्यासाठी भांडता येते. तिचे शरीर दोन्हीकडे सारखेच श्वास घेते. आईबापांच्या स्थलांतराचे ओझे मुलांवर पडतेच, ते मी रोज पाहते. पण ते हाडांत कोरून ठेवायचे, तेही मागे फिरता येणार नाही अशा रीतीने, याला मी पालकांचा हक्क मानायला तयार नाही.

ब्रिटनमध्ये अशा प्रश्नांची तड कशी लावतात, ते सांगण्यासारखे आहे. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या दोषामुळे होणारे आजार टाळण्यासाठी दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडाची मदत घेण्याची पद्धत इथे विकसित केली गेली. हाही पुढच्या पिढीत उतरणारा बदल, कारण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून मुलीकडे, तिच्याकडून तिच्या मुलांकडे जातो. जाहीर सल्लामसलत झाली, तज्ज्ञांनी पुन्हापुन्हा तपासले, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये संसदेने मतदान करून परवानगी दिली. त्यानंतरही प्रत्येक कुटुंबाचे प्रकरण नियामक संस्थेने वेगळे पाहिले. न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी जन्मलेल्या आठ मुलांची माहिती जुलै 2025 मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या वाढीवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था आधीच ठरलेली होती. इतक्या संथपणाची किंमत वाट पाहणाऱ्या कुटुंबांनी मोजली, हे मला विसरता येत नाही. तरी चीनमध्ये 2018 साली ‘हे च्यानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने परस्पर भ्रूणांत बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्या, त्याशेजारी ठेवले की हा संथपणा मोलाचा वाटतो. त्या शास्त्रज्ञाला तीन वर्षांची कैद झाली. त्या मुलींची जनुके मात्र आहेत तशीच राहिली.

म्हणून सगळे शहाणपण परदेशातच आहे असे मी म्हणणार नाही. तंत्रज्ञान कायद्याच्या पुढे धावले की काय होते, हे भारताने, विशेषतः महाराष्ट्राने, फार जवळून पाहिले आहे. गर्भातले दोष ओळखण्यासाठी आलेल्या तपासण्या मुलींना जन्माआधीच नाकारण्यासाठी वापरल्या गेल्या. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात पहिला कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि तरीही ती लढाई संपलेली नाही. ‘आमच्या बाळाच्या भल्यासाठीच’ या वाक्यामागे काय काय दडू शकते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पुढच्या पिढीला ‘सुधारण्याची’ भाषा इथल्या चर्चांत फार सहज बोलली जाते, आणि तेव्हा हा अनुभव मला आवर्जून सांगावा लागतो.

शिवाय भारतातल्या वादात एक मोठी गोष्ट हरवते. जनुकसंपादन आपल्याकडे येऊन पोहोचले आहे. सिकलसेलसाठी दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुकशास्त्र संस्थेने तयार केलेला बिरसा 101 हा उपचार नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाला. गडचिरोली, नंदुरबारमधल्या रुग्णांसाठी तो पल्ल्यात यावा, यासाठी निसर्गवादी आणि प्रगतीवादी दोघांनीही आवाज लावावा. आजाऱ्याचा आजार बरा करणे आणि न जन्मलेल्याला दुसऱ्या ग्रहाच्या मापाने घडवणे, यांना एकाच ‘जनुकांशी खेळ’ या नावाखाली ढकलले तर पहिले अडेल आणि दुसरे मागच्या दाराने येईल.

भारतात भ्रूणाच्या जनुकांत बदल करून मूल जन्माला घालायला आजही मनाई आहे, पण ती आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक तत्त्वांतून आलेली आहे. तिला कायद्याचे बळ हवे, आणि ते पृथ्वीपुरते असून चालणार नाही. 1967 च्या बाह्य अवकाश करारानुसार यान ज्या देशाने नोंदवले, त्याचे अधिकारक्षेत्र त्या यानावर आणि त्यातल्या माणसांवर कायम राहते. खासगी कंपन्यांच्या अवकाशातल्या कामाचीही जबाबदारी त्या त्या देशावरच येते. भारताने हा करार स्वीकारलेला आहे, आणि अंतराळ उपक्रमांसाठीचा आपला स्वतंत्र कायदा अजून व्हायचा आहे. अंतराळातल्या वस्तीसाठी भ्रूणाची जनुके बदलता येणार नाहीत, हे कलम त्याच कायद्यात घालता येईल.