प्रतिक्रियेला उत्तर : तो ‘१९ पट’ नेमका कुणाच्या तुलनेत?

नमस्कार,

पारलिंगी (जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःची ओळख वेगळी असलेल्या) व्यक्तींच्या दीर्घकालीन आरोग्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात तीन. स्वीडनच्या २०११ च्या अभ्यासात लिंगबदल शस्त्रक्रियेनंतर आत्महत्येचं प्रमाण १९ पट निघालेलं असताना मी ‘पुरावा अपुरा’ म्हणून पळवाट काढली. खरंच शंका असेल तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावावा. आणि २०११ च्या जनगणनेत ४,८७,८०३ पारलिंगी लोक नोंदलेलेच आहेत, मग भारतात अभ्यास अडतोय कुठे?

आधी १९ चं बघू. त्या अभ्यासात १९७३ ते २००३ या काळात कायदेशीर लिंगबदल आणि शस्त्रक्रिया झालेल्या ३२४ व्यक्ती होत्या. प्रत्येकीमागे त्याच जन्मवर्षाची, सर्वसाधारण लोकसंख्येतली १० माणसं तुलनेला घेतली. पारलिंगी गटात आत्महत्या १०, दसपट मोठ्या तुलनागटात ५. एवढ्या थोड्या मृत्यूंवरून काढलेला आकडा असल्यामुळे त्याची शक्यतेची कक्षा (खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मध्ये असू शकतो ती) ५.८ ते ६२.९ अशी ऐसपैस पसरली. धोका मोठा आहे हे त्यातून नक्की दिसतं. ‘१९’ हा आकडा मात्र दगडावरची रेघ नव्हे.

खरी मेख आहे ती तुलनागटात. उपचार हवे होते पण मिळाले नाहीत अशी माणसं त्यात नाहीतच. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा हृदयविकार जास्त आढळला, म्हणून गोळ्यांनी हृदयविकार होतो असं कुणी म्हणत नाही, तसंच हे. उपचार उपयोगी की अपायकारक, हे या अभ्यासावरून ठरवू नये असं संशोधकांनी त्याच निबंधात लिहून ठेवलंय. ते वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐका. ‘१९८९ नंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत फरक उरलाच नाही’ असं याच निबंधाच्या आधारे ठासून सांगितलं जातं. त्या उपगटात एकूण मृत्यूचं प्रमाण १.९ पट, कक्षा ०.७ ते ५.०. म्हणजे फरक शून्यही असेल किंवा पाचपटही असेल. शिवाय दोन्ही गटांचे जगण्याचे आलेख साधारण दहा वर्षांनंतर फाकायला लागतात, आणि नंतरच्या लोकांना तेवढी वर्षं मिळालेलीच नव्हती. चार-पाच वर्षांचा फॉलोअप करून ‘दीर्घकालीन’ असं शीर्षक देणाऱ्या निबंधांकडे मी म्हणूनच साशंकतेने बघतो.

दुसरा मुद्दा चिठ्ठ्यांचा. अशी चाचणी झालेली आहे. ऑस्ट्रेलियात, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली. ६४ पारलिंगी पुरुष व तत्सम व्यक्तींपैकी काहींना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन लगेच दिलं, काहींना तीन महिन्यांनी. लगेच मिळालेल्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी झाले. पण तीन महिने थांबवता येतं, वीस वर्षं थांबवता येत नाही. दुसऱ्या गटातली माणसं बाहेरून औषध मिळवतात आणि चाचणी तिथेच मोडते. त्यात औषध कुणाला मिळालं हे लपवणंही अशक्य. काही महिन्यांत आवाज फुटतो, दाढी येते. मग उत्तरं देणाऱ्याला आणि तपासणाऱ्यालाही गट माहीत असतो.

त्यामुळे दीर्घकालासाठी नोंदींवरच भिस्त ठेवावी लागते आणि तिथे वर्षांचा हिशेब नीट मांडावा लागतो. समजा, एखादी व्यक्ती पारलिंगी असल्याचं वैद्यकीय निदान जानेवारी २००५ मध्ये झालं, शस्त्रक्रिया जानेवारी २०१० मध्ये. मधली पाच वर्षं ‘शस्त्रक्रिया न झालेल्या’ रकान्यातच पडली पाहिजेत. निदानापासूनच त्या व्यक्तीला शस्त्रक्रियेच्या गटात टाकलं, तर त्या गटाला पाच वर्षांचं आयुष्य फुकट मिळतं. कारण त्या काळात ती व्यक्ती दगावली असती तर शस्त्रक्रियेच्या यादीत आलीच नसती.

नोंदींचा असाच घोळ स्वीडनच्या दुसऱ्या एका अभ्यासात झाला. २,६७९ निदान झालेल्या व्यक्तींवरून, शस्त्रक्रियेनंतर सरणाऱ्या दर वर्षामागे मानसिक उपचारांची गरज ८ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष निघाला. पण यादीत २०१४ अखेर हयात आणि देशात असलेलेच लोक होते. आधी मरण पावलेले हिशेबाबाहेर. टीका झाली, शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले अशा जोड्या लावून फेरतपासणी झाली, तेव्हा शस्त्रक्रियेचा फायदा दिसेना. २०२० मध्ये नियतकालिकाने तशी दुरुस्ती छापली. अपाय सिद्ध झाला असाही याचा अर्थ नाही, पण मूळ निष्कर्ष गेला.

तुमच्या प्रतिक्रियेत ‘हार्मोन’ हा शब्द एकाच औषधाचं नाव असल्यासारखा आलाय. अॅमस्टरडॅमच्या क्लिनिकच्या नोंदी १९७२ पासूनच्या आहेत. सुरुवातीच्या काळात पारलिंगी स्त्रियांना तिथे एथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन रोज ०.१ मिलिग्रॅम दिलं जाई. १९८९ च्या अहवालात रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण अपेक्षेच्या ४५ पट आढळलं. २०११ च्या विश्लेषणात हेच औषध चालू असलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट निघाला. आता इस्ट्राडिओल, म्हणजे शरीरात असतं तेच हार्मोन, वापरतात, चाळिशीनंतर शक्यतो त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल. म्हणून औषध, मात्रा, मार्ग आणि साल हे चार रकाने नसतील तर १९८० ची गुठळी २०२० च्या पट्टीच्या नावावर चढते.

प्रयोगशाळेच्या आकड्यांचंही तेच. ४० वर्षांची व्यक्ती, रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) १.२. मूत्रपिंडाची गाळणक्षमता काढायच्या २०२१ च्या सूत्रात लिंग ‘पुरुष’ टाकलं तर उत्तर ७८ येतं, ‘स्त्री’ टाकलं तर ५९. ६० च्या खाली गेलं की डॉक्टर सावध होतात. म्हणजे कागदावर लिंग बदललं त्या दिवशी, रक्तात काहीही न बदलता, आजार ‘सुरू’ झाला. हार्मोनमुळे स्नायू कमी-जास्त होतात तसं क्रिएटिनिन खरंच हलतंही, त्यामुळे दोन्ही सूत्रं थोडी थोडी चुकतात. उपाय सोपा : मूळ क्रिएटिनिन जपून ठेवायचं, दोन्ही उत्तरं काढायची, सीमेवरच्यांची सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली मूत्रपिंडाची दुसरी रक्तचाचणी) तपासायची. ‘लिंग’ हा एकच रकाना ठेवणाऱ्या रुग्णालयाच्या नोंदींतून हे पुढे कधीच सोडवता येत नाही.

जनगणनेचं काय? ४,८७,८०३ हा ‘इतर’ रकान्याचा आकडा. त्यातली ५४,८५४ मुलं ० ते ६ वयाची आहेत, यावरूनच त्या रकान्यात काय काय मिसळलंय याचा अंदाज यावा. स्वतःला ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहिणारे पारलिंगी त्यात नाहीतच. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तीची नोंद कुणालाही बघायला मिळत नाही, मग तिची सांगड रुग्णालयाशी घालणार कशी? गट लहान असला की साधी चूकही महागात पडते. एक लाखात ५०० पारलिंगी असतील आणि उरलेल्यांपैकी अर्धा टक्का लोकांनी प्रश्न न कळून चुकीची खूण केली, तर जवळजवळ ५०० चुकीच्या नोंदींची भर पडते आणि निम्मा गट भलताच होतो. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत असाच वाद झाला, आणि २०२४ मध्ये त्या आकड्यांचा अधिकृत दर्जा खाली आणला गेला. म्हणून जन्मनोंदीतलं लिंग आणि आजची ओळख असे दोन सुटे प्रश्न विचारायचे, साध्या मराठीत, आणि उत्तरं एकमेकांशी पडताळायची.

आपल्याकडे खरी अडचण औषधाच्या दुकानात आहे. अनेक पारलिंगी स्त्रिया डॉक्टरांशिवाय गर्भनिरोधक गोळ्या घेतात. माला-डीच्या एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल असतं. रोज तीन-चार गोळ्या म्हणजे ०.०९ ते ०.१२, थेट अॅमस्टरडॅमची जुनी मात्रा. ‘हार्मोन घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं, कारण तिच्या लेखी ती साधी गोळी असते. पाकीट दाखवायला सांगायचं आणि महिन्याला किती पाकिटं लागतात ते विचारायचं. एका पाकिटात हार्मोनच्या गोळ्या २१ आणि लोहाच्या ७, त्या ७ मोजायच्या नाहीत. निर्वाण (हिजडा परंपरेतलं लिंग आणि वृषण काढून टाकणं) झालं असेल तर त्याचं साल, आणि त्यानंतर कुठलंही हार्मोन न घेता गेलेली वर्षं वेगळी लिहायची, कारण हाडं त्याच वर्षांत विरळ होतात. रुग्णालयाच्या कागदावर यातलं काहीच सापडणार नाही.