दुपारच्या पाण्याने पाने जळत नाहीत : एक खुलासा

“भर उन्हात पाणी दिल्यास पानांवरचे थेंब भिंगासारखे काम करून झाड जाळतात, म्हणून ते कोमेजले तरी संध्याकाळपर्यंत थांबा,” हा फिरणारा संदेश मागच्या आठवड्यात मीही पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

हंगेरीतील संशोधकांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गुळगुळीत पानांवरील थेंबांमुळे पाने भाजली नाहीत, कारण पानाला टेकलेल्या थेंबातून प्रकाश एकवटण्याची जागा पानाच्या खाली जाते. दाट लव थेंबाला अधांतरी धरते तेव्हाच डाग पडण्याची शक्यता असते.

सकाळचे पाणी उत्तमच, पण ते बाष्पीभवन कमी होते म्हणून. भोपळ्याची, काकडीची पाने मातीत ओल असतानाही दुपारी मलूल होतात आणि ऊन उतरल्यावर सावरतात, त्यामुळे आधी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर थांबावे. माती कोरडी लागली, विशेषतः कुंडीत, तर नळीतले तापलेले पाणी बाजूला सोडून देऊन लगेच बुंध्याशी सावकाश पाणी द्यावे. संध्याकाळची वाट पाहण्यात माझी मिरचीची दोन रोपे वाळली.

कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.