ताप नाही, एक्स-रे चांगला, मग गादीत पू कसला?

सध्या फिरणारा मजकूर असा: ‘मोठ्या माणसांच्या मणक्याच्या गादीत इन्फेक्शन होत नाही, कारण तिथे रक्तच पोचत नाही. ताप नसेल आणि एक्स-रे नॉर्मल असेल तर गादी सरकलीय, मालिश करा. इन्फेक्शन निघालंच तर आठवडाभर अँटिबायोटिक, नाहीतर ऑपरेशन.’

रक्त पोचत नाही, एवढं जवळपास खरं. पण जंतू थेट गादीत शिरत नाहीत. गळू, लघवीचा संसर्ग, डायलिसिसची नळी, हृदयाची बिघडलेली झडप, अशा कुठून तरी रक्तातून येऊन ते गादीला चिकटलेल्या हाडाच्या कडेला रुजतात आणि तिथून गादी पोखरतात. मग रक्त नसणंच नडतं. औषधही तिथे जेमतेम पोचतं.

ताप? निम्म्याच्या आसपास रुग्णांना तो येतच नाही. सरकलेल्या गादीचं दुखणं बहुधा आडवं झालं की उतरतं. इन्फेक्शनचं दुखणं रात्री उठवतं, कूस बदलताना जीव काढतं. एक्स-रे तर पहिले 2 ते 4 आठवडे साफ दिसू शकतो. सीआरपी, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेले असतील तर एमआरआयच हवा. मधुमेह असलेल्यांनी तर मालिशवाल्याकडे वळूच नये, असं माझं स्पष्ट मत.

सगळ्यात घातक सल्ला अँटिबायोटिकचा. रुग्ण अत्यवस्थ नसेल आणि पायांतली ताकद शाबूत असेल, तर गोळी पोटात जाण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, घ्यायला हवं. आधीच चार गोळ्या गेल्या तर कल्चर कोरं येऊ शकतं. मग सुई घालून मणक्यातला तुकडा काढावा लागतो आणि तोही कधी बोलत नाही. जंतू बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, पण टीबीही असू शकतो. त्याची औषधं वेगळी आणि कित्येक महिन्यांची. इतर जंतूंसाठी साधारण 6 आठवडे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत 6 आठवडे 12 आठवड्यांपेक्षा कमी पडले नाहीत. न काढलेला पू असेल तर मुदत वाढते. आठवडाभरात काही होत नाही.

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. मात्र पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आणि हो, महिन्याभराने पुन्हा काढलेला एमआरआय आधीपेक्षा वाईट दिसला म्हणून घाबरू नका. दुखणं कमी आणि सीआरपी उतरलेला असेल तर फिल्म मागे राहिलीय, रुग्ण पुढे गेलाय.