बोर्ड मारावा, पण सावकाश

इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड एका झटक्यात जाळणं हे नवशिक्यांचं काम. उलटी पोलॅरिटी दिली, धूर निघाला, वास सुटला आणि जोडणी कुणी केली ते दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं. आपलं नाव कुठेही येऊ न देता हेच साधायचं असेल, तर ट्रॅक, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा, सोडा आणि ट्रॅकच्या मधल्या जागेच्या मागे लागा. इन्सुलेशन मरताना आवाज करत नाही.

सुरुवात हातापासून. बोर्ड कडेला धरू नये. मधोमध, उघड्या बोटांनी चांगला दाबून धरावा. घामातलं मीठ तिथं बसतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते आपणहून पाणी ओढून विरघळतं. बोर्डवर पाणी सांडण्याचेही कष्ट नकोत.

मग फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते रसायन. डब्यावर ‘नो-क्लीन’ (धुवायची गरज नाही) लिहिलेलं असतं, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा आणि सढळ हाताने ओता. सोल्डरिंग आयर्नची धग जिथं पोचतच नाही, तिथवर पसरू द्या. न तापलेल्या फ्लक्समधली आम्लं तशीच शाबूत राहतात. कुणी बघत असेल तर ब्रशला थोडं अल्कोहोल लावून दोन हात फिरवायचे. घाण निघत नाही, आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पोटाखाली जाऊन बसते. सफाई केल्याचं पुण्य मात्र पदरात पडतं.

आता फक्त 5 व्होल्ट डीसी आणि दमट हवा. पॉझिटिव्ह ट्रॅकचा धातू आयन होऊन त्या पातळ ओलाव्यात उतरतो, निगेटिव्ह ट्रॅकपाशी जाऊन पुन्हा धातू होतो आणि तिथून उलट पॉझिटिव्हच्या दिशेने वाढू लागतो. भिंगाखाली पाहिलं तर नेच्याच्या पानासारखी नाजूक नक्षी दिसते. याला म्हणतात डेंड्राइट. टोक पलीकडे टेकलं की शॉर्ट. आणि खरी गंमत इथं आहे: तो धागा इतका बारीक असतो की शॉर्टच्या करंटने पुष्कळदा स्वतःच जळून जातो. गुन्हेगार आणि पुरावा एकाच क्षणी गायब! बोर्ड पुन्हा ठणठणीत.

असा बोर्ड तपासायला आला तर तो एसीच्या कोरड्या खोलीत नेऊन टेबलावर दिवसभर ठेवावा. मग मल्टिमीटर लावावा. मीटर ‘ओएल’ (मापाबाहेर, म्हणजे जोडणी नाहीच) दाखवणारच, कारण साध्या मीटरची धाव दहा-वीस, फार तर पन्नास-साठ मेगाओहमपर्यंत. दोन ट्रॅकमधली करंटची गळती 100 मेगाओहमची असेल तर त्याला ती दिसतच नाही. बोर्ड आम्लता मोजणाऱ्या पीएच मीटरचा असेल, तर त्याच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा स्वतःचा रेझिस्टन्स मात्र त्याच घरातला असतो, त्यामुळे तिथं आकडे हवे तसे भरकटतात. अशा वेळी तो इलेक्ट्रोड, म्हणजे प्रोबच, बदलायला सांगावा. गेला बिचारा प्रोब.

उष्णतेबद्दल लोकांचा एक गोड समज आहे: गरम बोर्ड म्हणजे कोरडा बोर्ड. हा समज मोडू नका. वाफ बोर्डच्या एपॉक्सीत (राळेत) शिरते तीही गरमीत जास्त वेगाने. एफआर-4 या बोर्डच्या नेहमीच्या मटेरियलमधल्या काचेच्या धाग्यांची एपॉक्सीवरची पकड सुटली की त्या फटीतून बोर्डच्या आतच तांब्याचा तंतू सरकतो, आणि हा पॉझिटिव्हकडून निघतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने 1970 च्या दशकातच हे ओळखलं होतं. आतल्या त्या तंतूपर्यंत ना ब्रश पोचतो ना भिंग. शिवाय तापमान 10 अंश वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं, हा ट्रान्सफॉर्मरवाल्यांचा जुना ठोकताळा तुमच्याच बाजूने आहे.

प्रयोगशाळेत याच कामासाठी 85 अंश सेल्सिअस आणि 85 टक्के आर्द्रतेचा चेंबर लागतो. तुम्हाला एक बंद डबा पुरे. दिवसा चालू, रात्री बंद. थंड होताना डबा सीलच्या फटीतून दमट हवा आत ओढतो, भिंतींवर दव धरतो, आणि आत गेलेलं पाणी सहसा बाहेर यायचं नाव घेत नाही. वर ‘वॉटरप्रूफ’चं स्टिकर असेल तर कुणी उघडून बघतही नाही.

बोर्डवर संरक्षक कोटिंगचा आग्रह झालाच तर नाही म्हणू नका, फक्त बोर्ड न धुता मारा. वाफेला पूर्ण अडवणारं कोटिंग अजून कुणी केलेलं नाही. ती आत जाते, खालच्या मिठाला भेटते आणि फोड येतात. वरून मात्र बोर्ड कसा चकाकतो! आणि ओलावा प्यायलेला बोर्ड बेक न करता थेट 250 अंशांच्या रिफ्लोमध्ये (सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत) घातला तर आतल्या पाण्याची वाफ थरच फोडते. पण ते लगेच दिसतं, म्हणून आपल्या कामाचं नाही.

धोका एकाच माणसाचा: बोर्ड आहे तसाच, न पुसता, पॉवर देऊन आर्द्रतेच्या चेंबरमध्ये ठेवणारा आणि गळती मोजत बसणारा. असा कुणी भेटला तर अगदी आपुलकीने सांगा, ‘अहो, आधी बोर्ड स्वच्छ धुऊन, ड्रायरने वाळवून घ्या, मग निवांत तपासा.’