बोअरचं पाणी दगड गाळून देत नाही

‘बोअरचं पाणी म्हणजे दगडातून गाळून आलेलं अमृत. नळाच्या पाण्यात क्लोरीनचं विष. टीडीएस ५०० च्या आत असला की डोळे झाकून प्या, उकळून तान्ह्या बाळालाही द्या. ३०० फुटांवर नाही लागलं तर ६०० जा, खाली पाताळगंगा आहेच.’

हा मेसेज काल आत्याने पाठवला. पुण्यात तिच्या सोसायटीने नुकतंच बोअर घेतलंय आणि घरात चार महिन्यांचा नातू आहे, वरच्या दुधावर. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी बाळाचं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. हे नायट्रेट येतं सेप्टिक टँकमधून, फुटक्या ड्रेनेजमधून, शेतातल्या युरियातून. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते, ओठ आणि नखं निळी पडतात. प्रसंगी जिवावर बेततं. आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक उघडून बघा. पाण्याची दुसरी सोय नसेल तर टीडीएसला, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांना, २००० पर्यंत सूट आहे, नायट्रेटला लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर अजिबात नाही. आत्याकडच्या टीडीएस मीटरवर ३१० आलं म्हणून सगळे निर्धास्त. अहो, त्या ३१० मध्ये ८० नायट्रेट असलं तरी मीटर ३१०च दाखवणार! पाण्यातून वीज किती वाहते एवढंच त्याला कळतं. जंतू तर त्याला दिसतच नाहीत, आणि त्याच मानकात १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, चालत नाही.

राहिलं दगडाचं गाळणं. वाळूच्या जाड थरातून पाणी बऱ्यापैकी गाळलं जातं, हे खरं. पण पुण्याखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी भेगांतून पळतं, आणि त्याच भेगांतून मैलाही पळतो. आत्याच्या बोअरपासून ड्रेनेजचं चेंबर पंधरा पावलांवर आहे. केसिंगभोवतीची, म्हणजे बोअरच्या तोंडाशी घातलेल्या पाइपभोवतीची, माती खचलीय, तिथे साबणाचं पाणी साचलेलं मी स्वतः पाहिलं.

क्लोरीनचा वास येतो, त्यातून काही नको ती संयुगंही तयार होतात, मान्य. पण जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय दूषित पाण्यावरच गेला. क्लोरीन असलेल्या पाण्यात हा जंतू तग धरत नाही.

पाताळगंगा वगैरे काही नाही. आपल्या झिजलेल्या, भेगाळ पाषाणात शंभर लिटर दगडामागे हाती लागणारं पाणी जेमतेम दोन लिटर, खालच्या अखंड दगडात त्याहून कमी. पावसाने जेवढं मुरवलं तेवढंच उपसायचं. ६०० फुटांवर गेलात तर बहुधा धुरळाच येईल, आणि लागलंच तर शेजारच्या विहिरीचं ओढलेलं असेल.

आत्या, प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आण, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचव, नायट्रेट आणि जंतू दोन्ही तपासायला सांग. तोवर बाळाच्या दुधाला नळाचंच पाणी घे, उकळून.