‘लाइट मंद झाले म्हणजे बॅटरी गेली’: कॅम्परवाल्यांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पेंच, ताडोबा, चिखलदऱ्याच्या सहली ठरू लागल्या की नागपुरातल्या व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: कॅम्परमधले, म्हणजे राहायची सोय केलेल्या व्हॅनमधले, लाइट मंद झाले किंवा फ्रीज बंद पडला की बॅटरी गेली समजा, नवी टाका. मीटरवर १२.५ व्होल्ट दिसले तर बॅटरी फुल्ल. फ्यूज सारखा उडत असेल तर एक नंबर मोठा टाका. बाहेरून घेतलेल्या लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडत असेल तर अर्थची तार काढून ठेवा. विदर्भाचं ऊन आहे, १०० वॉटचं पॅनेल पुरून उरतं. तरीही कमी पडलं तर इंजिन अर्धा तास चालू ठेवा. आणि इन्व्हर्टर बीप करतो म्हणजे तो लहान पडतोय, मोठा घ्या.

सात सल्ले आहेत, आणि त्यातल्या एकातही ‘आधी मोजा’ असं म्हटलेलं नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. पण सुरुवात मेसेजच्या क्रमाने करत नाही, कारण मधले दोन सल्ले जिवावर बेतणारे आहेत.

फ्यूज उपकरण वाचवायला असतो असं अनेकांना वाटतं. तो तार वाचवायला असतो. दीड स्क्वेअर एमएमच्या तारेवर १० अँपिअरचा लाल फ्यूज असेल आणि तो उडतो म्हणून तुम्ही ३० चा हिरवा खोचलात, तर बिघाड तिथेच राहतो. फक्त आता आधी जळणारी वस्तू तार असते. आणि कॅम्परमध्ये ती तार कुठून जाते? प्लायवूडच्या मागून, फोमच्या इन्सुलेशनमधून. आपल्याकडे ट्रकचं वायरिंग करणारे सरळच सांगतात, ‘मोठा टाकला त मंग तारच फ्यूज होते ना भाऊ.’

फ्यूज कसा उडतो ते बघा. टाकल्याटाकल्या उडाला तर शॉर्ट आहे. दहा-पंधरा मिनिटांनी उडाला तर त्या लाइनवर लोड जास्त आहे, नाहीतर होल्डर सैल पडून तापतोय. फ्यूज शाबूत आणि होल्डरचं प्लास्टिक वितळलेलं, असं दिसलं तर दोष होल्डरच्या पकडीत आहे. शॉर्ट शोधायला फ्यूज काढून त्याच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब जोडा आणि त्या लाइनवरची सगळी उपकरणं बंद करा. बल्ब भक्क पेटला तर शॉर्ट आहे. मग वायरिंग हलवत जा, एकेक जोड सोडवत जा. जिथे बल्ब विझेल तिथे दोष सापडला. बहुतेक वेळा तो पत्र्याच्या भोकाशी निघतो, जिथे रबर बुश न घालताच तार ओढलेली असते आणि हायवेच्या हादऱ्यांनी तिचं आवरण घासून गेलेलं असतं.

अर्थ काढण्याचा सल्ला तर त्याहून वाईट. व्हॅन रबरी टायरवर उभी असते, म्हणजे तिच्या पत्र्याला जमिनीशी जोडणारी एकच गोष्ट, बाहेरून घेतलेल्या तीन पिनांच्या केबलमधली अर्थची तार. ती काढली आणि आत चार्जरचं किंवा गिझरचं इन्सुलेशन बिघडलं, तर सगळा पत्रा २३० व्होल्टला जाऊन बसतो आणि कुणाला कळतही नाही. पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून कुणी दाराच्या मुठीला हात लावला की करंटला पहिली वाट मिळते ती त्या माणसातून. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नेमका हाच प्रसंग टाळायला बसवलेला असतो. तो पडत असेल तर आतल्या सगळ्या पिना काढा, मग तो वर करा आणि एकेक वस्तू लावत जा. ज्या वस्तूला पडेल ती गुन्हेगार. काहीही न लावता पडत असेल तर बाहेरची केबल भिजली आहे का बघा, नाहीतर आत कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागलेत. ढाब्यावरच्या सॉकेटला मुळात अर्थ असेलच असंही नाही, म्हणून तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर सोबत ठेवावा. तो खिशात मावतो.

आता लाइट मंद होण्याकडे.

आपल्याकडे बऱ्याच व्हॅनचं आतलं काम फर्निचरवाला करतो आणि तारा घरचा वायरमन ओढतो. त्याचा हात घरच्या २३० व्होल्टला सरावलेला. तेवढ्याच वॉटला १२ व्होल्टवर साधारण १९ पट करंट लागतो, हे त्याच्या रोजच्या कामात कधी येतच नाही. घरात एका तारेत एक व्होल्ट हरवला तर पंख्यालाही पत्ता लागत नाही. व्हॅनमध्ये तोच एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के.

हिशेब करून बघा. पुढे बॅटरी, मागे फ्रीज, अंतर सहा मीटर. जाऊन-येऊन बारा मीटर तांबं. तार एक स्क्वेअर एमएमची असेल तर तिचा रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या आसपास. कॉम्प्रेसरचा फ्रीज चालताना ५ अँपिअर घेतो तेव्हा एक व्होल्ट वाटेतच जातो. सुरू होताना तो क्षणभर १० च्या आसपास ओढत असेल तर दोन व्होल्ट जातात. बॅटरीवर १२.४ आणि फ्रीजला मिळतात १०.४. फ्रीजचं लो-व्होल्टेज कटऑफ अशा आकड्याला त्याला बंद करतं, लोड गेला की व्होल्टेज पुन्हा वर येतं, फ्रीज पुन्हा प्रयत्न करतो आणि पुन्हा पडतो. हे रात्रभर चालतं. मेसेज वाचून माणूस नवी बॅटरी आणतो. ती ताजी असल्यामुळे १२.७ देते, फ्रीज काठावर कसाबसा चालतो आणि मेसेज खरा ठरतो. महिनाभराने पहिले पाढे पंचावन्न. तीच तार ६ स्क्वेअर एमएमची असती तर सुरू होतानाची घट जेमतेम ०.३५ व्होल्ट राहिली असती.

त्यात आणखी भर म्हणजे फ्रीज बहुधा सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावलेला असतो. तो सॉकेट सिगारेट पेटवायला केलेला, तासन्‌तास करंट वाहायला नाही. प्लग हाताला गरम लागला तर बॅटरीकडे बघूही नका. आधी तो प्लग काढून स्क्रूचं किंवा अँडरसन पद्धतीचं कनेक्टर बसवा.

मोजायचं कसं? फ्रीज चालू पाहिजे. लोड नसताना घेतलेलं व्होल्टेज इथे काहीच सांगत नाही. करंट वाहत नसेल तर सडलेल्या तारेतूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा फ्रीजच्या प्लसवर. दिसेल तो आकडा म्हणजे प्लसच्या वाटेत हरवलेले व्होल्ट. मग मायनसचंही तसंच. दोन्ही मिळून ०.३५ च्या आत असावेत. प्रोबची तार पुरत नाही ही नेहमीची अडचण. कुठलीही बारीक तार जोडून ती लांबवा, मीटर नगण्य करंट घेतो म्हणून जाडीची गरज नाही. मग थोडं थोडं अंतर कमी करत जा: बॅटरीच्या शिशाच्या खुंटीपासून तिच्यावरच्या थिंबलपर्यंत (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), थिंबलपासून फ्यूजपर्यंत, फ्यूजच्या अलीकडून पलीकडे. खुंटी ते थिंबल या दोन बोटांच्या अंतरात ०.२ व्होल्ट निघाले तर तिथे सल्फेटची भुकटी साचलेली आहे. मायनस आधी सोडवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, वायर ब्रशने घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली.

मायनसच्या बाजूला तर निम्मे दोष चेसिसच्या बोल्टखाली लपलेले सापडतात. रंग खरवडलेलाच नसतो, किंवा एकाच बोल्टवर पाच थिंबल चढवलेले असतात.

बॅटरी खरोखर जातच नाही असं मी म्हणत नाही. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश नोंदले गेलेत. उन्हात बंद उभ्या व्हॅनच्या आत त्याच्या कितीतरी वर पारा जातो. लेड-ॲसिडचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि पाणी आटतं ते वेगळं. पण दोषी ठरवायचं तर लोड चालू असताना बॅटरीच्या खुंट्यांवरच मोजा. भरलेली बॅटरी १० अँपिअरच्या लोडला पाच-दहा मिनिटांत ११ च्या खाली कोसळली तर ती गेली. खुंटीवर १२.३ आणि फ्रीजवर ११ असेल तर बॅटरी निर्दोष.

‘१२.५ म्हणजे फुल्ल’ हेही असंच अर्धवट. लेड-ॲसिड बॅटरी काही तास निवांत राहिल्यावर भरलेली १२.७ च्या आसपास दाखवते आणि अर्धी झालेली १२.२ च्या. चार्जर काढल्याकाढल्या घेतलेला आकडा फुगलेला असतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत तर व्होल्टेजवरून अंदाज बांधायचाच नाही; ७० टक्क्यांनाही १३.२ आणि ४० लाही जवळपास तेच. तिथे शंटवाला, म्हणजे आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहणारा, बॅटरी मॉनिटरच हवा. लिथियम अचानक शून्य किंवा चार-पाच व्होल्ट दाखवू लागली तर ती मेलेली नसते, तिच्या बीएमएसने (आतल्या संरक्षक सर्किटने) दार लावलेलं असतं, बहुधा खाली उतरल्यामुळे किंवा शॉर्टमुळे. लोड काढून, लिथियमला चालणारा चार्जर लावला की बहुतेकदा जागी होते. मे महिन्यात दुपारी फक्त चार्जिंग थांबत असेल तर बॅटरी गरम झाली आहे. तिच्या लेबलवरची तापमानाची मर्यादा वाचा आणि तिला इंजिनच्या किंवा तापलेल्या पत्र्याच्या लगत ठेवू नका.

मीटरही तपासून घ्यावा. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. सीताबर्डीत मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरचंही तसंच होतं: आतला ९ व्होल्टचा सेल उतरला की तो आकडा वाढवून दाखवतो. उतरलेली बॅटरी मग ‘फुल्ल’ दिसते.

सोलरचा दावा ऐकून बरं वाटतं, कारण ऊन आपल्याकडे खरंच आहे. पण पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. १०० वॉट हा आकडा सेलचं तापमान २५ अंश धरून छापलेला असतो. मेच्या दुपारी टपावरचा सेल ७० ला पोचतो आणि दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के जातात, म्हणजे १६ ते १८ टक्के तिथेच गेले. पॅनेल सपाट झोपवलेलं. त्यावर धूळ, आणि ज्या शहरात सिमेंट रस्त्यांची कामं संपतच नाहीत तिथल्या धुळीबद्दल काय सांगावं. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर असेल तर १८ व्होल्टचं पॅनेल १३ वर ओढलं जातं आणि पाव हिस्सा आणखी कटतो. एमपीपीटी, म्हणजे पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवणारा कंट्रोलर, असेल तर तो वाचतो. चांगला एमपीपीटी धरूनही दिवसाला ४०० वॉट-अवर मिळाले तर नशीब. उलट ४५ वॉटचा फ्रीज त्या उकाड्यात दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ चालतो, म्हणजे साडेसहाशे-सातशे त्यालाच, आणि पंखा बाकीच. शिवाय मे महिन्यात गाडी उन्हात लावतो कोण? आपण कडुनिंबाखाली लावतो, आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सेलच्या त्या ओळीचा सगळा हिस्सा जातो. फ्रीज आणि पंखा धरून निदान दुप्पट-अडीचपट पॅनेल मांडा, आणि पावसाळ्यात त्याच्याही भरवशावर राहू नका.

अर्धा तास इंजिन? १०० एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी अर्धी उतरली असेल तर ५० एएच परत घालायचे. अर्ध्या तासात ते जायला १०० अँपिअर लागतील. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (डायनामोवरून कॅम्परची बॅटरी भरणारा) असेल तर १५ एएच जातील. त्याऐवजी गाडीची आणि कॅम्परची बॅटरी जोडणारा साधा रिले असेल तर बीएस-६ गाडीत तेवढेही नाही: स्टार्टरची बॅटरी भरली की संगणक डायनामोचं व्होल्टेज उतरवतो आणि रिले उघडतो. उभ्या गाडीत डायनामो तसाही सुस्त असतो. चंद्रपूरपर्यंतचे दीड-पावणेदोनशे मिनिटं गाडी हाकलीत तर गोष्ट वेगळी, तेवढ्यात डीसी-डीसी चार्जर चांगली भरती करतो. झोपलेल्या माणसांसह इंजिन चालू ठेवणं मात्र कार्बन मोनॉक्साइडमुळे पूर्णपणे वर्ज्य.

राहिला बीप करणारा इन्व्हर्टर. तो बीप बहुधा ओव्हरलोडचा नसतो, डीसी व्होल्टेज खाली गेल्याचा असतो. दोन्हींचे सूर किंवा दिवे वेगळे असतात, पुस्तिकेत बघा. १५०० वॉटची इंडक्शन शेगडी बॅटरीतून १४० अँपिअर ओढते. तेवढ्या करंटला एखादा सैल थिंबल एक व्होल्ट खातो आणि स्वतः १४० वॉटने तापतो. तिथे मोठा इन्व्हर्टर लावलात तर तोही तसाच बीप करेल, शिवाय रिकामा असताना जास्त खाईल. केबल जाड, मीटर-दीड मीटरच्या आत आणि मायनस चेसिसवरून नको, थेट बॅटरीवर. आणि आपल्याला इन्व्हर्टर बहुतेक वेळा हवा असतो तो कूलरसाठी. त्यासाठी १२ व्होल्टच्या डीसी मोटरचा लहान कूलर घ्या, म्हणजे रात्री इन्व्हर्टर लावावाच लागणार नाही.