वजनं न वाढवता केलेला व्यायाम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही रोखठोक लिहिलंत, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरचा व्यायाम म्हणजे दुधाची तहान ताकावर. तीन महिने रोज २० पुशअप, ५० बैठका आणि १२ सूर्यनमस्कार घातले. सुरुवातीला बरं वाटलं, पुढे काडीचा फरक नाही. तेव्हा लोकांना घरी अडकवू नका, सरळ जिमला पाठवा. आणि ६३ वर्षांच्या आईंनाही तुम्ही आता जिमच लावून देणार आहात.

तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. पहिल्या आठवड्यात जे २० पुशअप जड गेले, ते महिनाभरात अंगवळणी पडले. जे सहज जमतं, त्यासाठी शरीर नवीन ताकद कमवत नाही. जिममध्ये वर्षभर तोच १० किलोचा डंबेल हलवणाराही तिथेच राहतो. तेव्हा भार वाढवायची सोय घरी आहे का, एवढंच बघायचं.

पुशअपपुरती ती भरपूर आहे. जमिनीवरच्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार येतो. ७० किलोच्या माणसाला साधारण ४५ किलो. गुडघे टेकले की तो शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्म्यावर येतो. पाय पलंगावर ठेवले की वाढतो, पाठीवर दप्तर बांधलं की आणखी वाढतो. क्रम असा ठेवा: आधी ओट्याला हात टेकून, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर, मग पाय वर. प्रत्येक पायरीवर तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. खाली जाताना तीन सेकंद घ्या. तिन्ही सेटमध्ये १५ स्वच्छ निघाले की पुढची पायरी. 'स्वच्छ' म्हणजे कंबर झोळीसारखी खाली लोंबत नाही आणि कोपरं आडवी फाकत नाहीत. कोपरं फाकली की खांदा पुढून दुखायला लागतो आणि दोष मात्र व्यायामाला जातो. आठवड्यातून तीन दिवस पुरे. रोज करायची गरज नाही.

तुमच्या यादीतली खरी उणीव वेगळीच आहे. पुशअप, बैठका, सूर्यनमस्कार यांत ढकलणं आणि वाकणं आहे, ओढणं कुठेच नाही. पाठीचा वरचा भाग आणि दंडाचा पुढचा स्नायू उपाशीच राहतो. घरात यावर उपाय म्हणजे मजबूत दप्तर. त्यात तुरीच्या डाळीचे एक-एक किलोचे पुडे किंवा पाण्याच्या लिटरच्या बाटल्या भरा, पाच-सहा किलोपासून सुरुवात करा. एक हात आणि त्याच बाजूचा गुडघा पलंगावर टेका, पाठ सपाट ठेवा आणि दप्तर कमरेकडे ओढा. खांद्याकडे ओढलं तर मान आवळते, पाठीला काम मिळत नाही. दोन्ही बाजूंना १२ जमले की एक किलो वाढवा. बागेतल्या ओपन जिममध्ये आडवा बार असेल तर त्याला लटकून अंग वर ओढा, त्याहून उत्तम काही नाही. तिथली झुलणारी यंत्रं मात्र सांधे मोकळे करण्यापुरतीच समजा. त्यांत भार वाढवता येत नाही.

बैठका ५० च्या १०० करून दम वाढतो, ताकद फारशी नाही. त्याऐवजी मागचा पाय पलंगावर ठेवून एका पायाची बैठक घ्या. पुढचं पाऊल कडेपासून दोन-अडीच फूट लांब हवं. जवळ ठेवलं की टाच उचलते आणि गुडघ्यावर ताण येतो. दोन्ही हातांत वजन घेऊन ही बैठक दहा वेळा करून बघा, मग घरचा व्यायाम हलका वाटतो का ते सांगा.

आता जिमची बाजू, कारण तीही खरी आहे. दप्तर १५ किलोच्या पुढे गेलं की पट्टे उसवतात. जिममध्ये वजनाच्या बारवर सव्वा-सव्वा किलोच्या दोन प्लेटा घालून अडीच किलो वाढवता येतात. घरी पुढची पायरी बरेचदा उडीच असते. ज्याला एकही पुलअप (बारला लटकून अंग वर ओढणं) निघत नाही, त्याला जिमच्या केबलच्या यंत्रावर हलक्या वजनाने ओढायला शिकता येतं. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचं जड वजन उचलून उभं राहण्याला, तर घरात पर्यायच तोकडा. वर्षभर नीट वाढवत नेलेला व्यायाम झाला असेल आणि अजून ताकद हवी असेल, तर जिम लावाच.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचंही बघावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना संध्याकाळी गच्चीवर व्यायाम नको, स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. पहाटे साडेपाचला उरकून घ्या. जुलैत कूलरची दमट हवा घाम वाळू देत नाही, फरशी निसरडी होते. तेव्हा नुसता पंखा लावा आणि हाताखालची फरशी पुसत राहा. सतरंजी घालू नका, ती घसरते. चालणं वेगळं मोजा: आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगात. फुटाळा तलावावर किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर ते सहज होतं.

आईंबद्दल. त्यांना जिम लावायला माझी हरकत नाही, शिकवणारा शेजारी उभा राहणार असेल तर. पण आजपासून घरी एवढं सुरू करता येईल: खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, प्लास्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते. हात न टेकता उठायचं, तीन सेकंदांत हळू बसायचं. आठ वेळा, दोन सेट. जमत नसेल तर खुर्चीवर घोंगडीची घडी घालून उंची वाढवा आणि दर आठवड्याला घडी कमी करा. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. रोखला की रक्तदाब एकदम चढतो. बीपीची गोळी चालू असेल किंवा गुडघ्याला सूज असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.